कोळ्याचा आकार आणि कोळ्याचे विष

न्हाणीघराच्या भिंतीवर, माळ्यावरच्या ट्रंकेमागे किंवा मोरीच्या दाराआड रात्री दिसणारा, पाय पसरले की तळहाताएवढी जागा व्यापणारा चपटा तपकिरी कोळी महाराष्ट्रात आणि गोव्यात सगळीकडे आढळतो. हेटेरोपोडा व्हेनेटोरिया हे त्याचे शास्त्रीय नाव. इंग्रजीत याला हंट्समन म्हणतात. मराठीत शिकारी कोळी म्हणायला हरकत नाही. पावसाळा लागला की याचाच फोटो मोबाइलवरून फिरू लागतो आणि त्याखालचा मजकूर ठरलेला असतो: हा अत्यंत विषारी आहे, चावला तर मांस सडते, दिसताक्षणी मारा. यातले पहिले विधान दिशाभूल करणारे आहे, दुसरे साफ खोटे आहे आणि तिसरे या दोहोंवर उभे असल्यामुळे त्याला काही आधारच उरत नाही. तरीही हा मजकूर मरत नाही, कारण जे मोठे, केसाळ आणि वेगाने पळणारे, ते विषारी, ही समजूत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

विष असणे आणि माणसाला धोका असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जगभरात नोंदल्या गेलेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ मध्ये पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. त्यांपैकी युलोबोरिडी हे कुळ आणि आणखी थोडे अपवाद वगळले, तर सगळ्यांना विषग्रंथी असतात. म्हणजे देवघराच्या कोपऱ्यात जळमट करून बसलेला इवलासा कोळीही विषारीच. पण ते विष माशीला, झुरळाला, फार तर पालीच्या पिल्लाला लुळे करण्यापुरते असते. माणसाला त्यातून अपाय व्हायचा तर दात कातडीतून आत जायला हवेत, विष पुरेसे उतरायला हवे आणि ते माणसाच्या मज्जासंस्थेवर किंवा पेशींवर काम करणारे हवे. एवढे सगळे जुळणाऱ्या जाती जगात मोजक्या आहेत आणि आकाराच्या क्रमाने लावल्या तर त्यांतल्या बहुतेक वरच्या टोकाला नसतात. सिडनी परिसरातला फनेल-वेब कोळी जगातल्या सर्वांत घातक कोळ्यांमध्ये गणला जातो. त्याच्या पसरलेल्या पायांचा घेर शिकारी कोळ्यापेक्षा लहान असतो. विडो या दुसऱ्या घातक गटातल्या मादीचे धड जेमतेम सेंटिमीटरभर असते. आकार हीच खूण धरली, तर ज्याला घाबरायला हवे तो कोळी नजरेतून सुटतो आणि ज्याला घाबरायचे कारण नाही त्याच्यावर चप्पल पडते.

शिकारी कोळी ओळखणे मुळीच अवघड नाही. फक्त त्यासाठी भीती बाजूला ठेवून मिनिटभर पाहावे लागते. मादीचे धड अडीच सेंटिमीटरच्या आसपास आणि पाय धरून एकूण पसारा दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत जातो. पाय धडाखाली उभे नसतात, खेकड्याप्रमाणे बाजूला वळलेले असतात; त्यामुळे हा प्राणी भिंतीला चिकटल्यासारखा दिसतो आणि दाराच्या फटीतून, फोटोफ्रेमच्या मागून सहज सरकतो. डोळ्यांच्या खाली, तोंडाच्या वर, एक फिकट पिवळसर आडवा पट्टा असतो. आठ डोळे दोन ओळींत असतात. नर सडपातळ, त्याचे पाय आणखी लांब आणि पाठीवर गडद खूण. हा शिकारीसाठी जाळे विणत नाही. झुरळामागे धावून ते पकडतो. मादी अंड्यांची चपटी, गोल, पांढुरकी पिशवी पोटाखाली धरून फिरते, आणि तेवढ्या काळात ती अधिक चिडखोर असते हे खरे. हाताने दाबली तर ती चावेल. तो चावा दुखतो, जागा लाल होते, थोडी सूज येते आणि काही तासांत सगळे ओसरते. न्हाणीघरात छताला उलटी लटकलेली कोरडी, पोकळ आकृती दिसली, तर तो बहुधा मेलेला कोळी नसून त्याची टाकलेली कात असते. तिच्यावरही फवारा मारणारी माणसे आहेत.

यावर एक उत्तर हमखास येते: ‘पण टॅरंटुलाचे काय? तो तर केसाळ आहे, आणि त्याचे केसही विषारी असतात.’ केसांची गोष्ट आधी मिटवलेली बरी. अंगावरचे केस झाडून शत्रूच्या डोळ्यांत आणि कातडीत खाज आणणारे टॅरंटुला अमेरिका खंडांतले. भारतातल्या एकाही जातीला असे केस नसतात. शिवाय मोबाइलवर ‘टॅरंटुला’ म्हणून फिरणारे बहुतेक फोटो शिकारी कोळ्याचे किंवा अंगणातल्या लांडगा कोळ्याचे असतात. लांडगा कोळ्याच्या डोळ्यांवर रात्री बॅटरीचा झोत टाकला की ते हिरवट चमकतात, आणि त्याची मादी पिल्ले पाठीवर घेऊन हिंडते. खरा टॅरंटुला जाडजूड असतो. पायांच्या टोकांना मऊ गादी, आठही डोळे डोक्यावरच्या एकाच उंचवट्यावर गोळा झालेले, आणि दात चिमट्यासारखे आडवे न मिटता वरून खाली येणारे. पश्चिम घाटात थ्रिगमोपियस, किलोब्रॅकिस या वंशांतले टॅरंटुला जमिनीतल्या बिळांत राहतात. पावसाळ्यात मादीच्या शोधात निघालेला नर कधीमधी ओट्यावर किंवा पडवीत येतो. माद्या बीळ सोडून फारशा हलत नाहीत.

मात्र इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही अडवले पाहिजे. भारतात कोणताच कोळी काही करत नाही, असे ठासून सांगणारे निसर्गप्रेमीही आता वाढले आहेत, आणि त्यांचे म्हणणेही तितकेच बेफिकीर आहे. भारत आणि श्रीलंकेत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोएसिलोथेरिया वंशातल्या टॅरंटुलाचा चावा साधा नसतो. तीव्र वेदनेबरोबर स्नायूंत पेटके येतात आणि ते कधी कधी अनेक दिवस उलटून येत राहतात. या वंशातल्या काही जातींच्या पुढच्या पायांच्या खालच्या बाजूला ठळक पिवळा रंग असतो. डिवचल्यावर कोळी पाय उचलतो तेव्हा तो दिसतो. पाळीव प्राणी म्हणून परदेशांत त्यांची इतकी मागणी झाली की २०१९ मध्ये हा वंश साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. असा कोळी हाताळू नये, एवढे सांगणे रास्त आहे. तो घरात येऊन झोपलेल्या माणसांना चावत सुटतो, हे सांगणे रास्त नाही.

‘टॅरंटुलाने माणसे मारली’ याला पुरावा म्हणून २०१२ सालची आसाममधली घटना पुढे केली जाते. तिनसुकिया जिल्ह्यातल्या सादिया भागात मोठ्या केसाळ कोळ्यांचा सुळसुळाट झाल्याच्या आणि त्यांच्या चाव्याने दोघे दगावल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. त्यातला महत्त्वाचा तपशील मात्र शीर्षकांमध्ये आला नाही. दगावलेल्यांच्या शवविच्छेदनाआधीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले होते आणि गावातल्या वैदूंनी जखमा पात्यांनी कापून रक्त काढल्याचे सांगितले जात होते. मृत्यू कोळ्याच्या विषाने झाला, कापाकापीतून झालेल्या जंतुसंसर्गाने झाला की आणखी कशाने, हे ठरलेच नाही. न ठरलेल्या गोष्टीला पुरावा म्हणता येत नाही. त्या बातम्यांच्या भीतीतून पुढे किती निरुपद्रवी कोळी मारले गेले असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

छताच्या कोपऱ्यात काड्यांसारखे लांब पाय घेऊन लटकणारा, हात लावला की सगळ्या अंगाने गरगर थरथरणारा कोळी जगात सर्वांत विषारी आहे, फक्त त्याचे दात कातडीत घुसत नाहीत, असेही एक सुशिक्षित घरांत आवडीने सांगितले जाणारे पिल्लू आहे. याला आधार नाही. हा फोल्सिडी कुळातला कोळी; क्रॉसोप्रायझा लायोनी ही त्यातली भारतीय घरांत नेहमी दिसणारी जात. तो मागच्या पायांनी सूत फेकून दुसऱ्या कोळ्यांनाही गुंडाळतो आणि खातो, एवढ्यावरून हा तर्क उभा राहिला असावा. कोळी मारण्याची ताकद म्हणजे माणूस मारण्याची ताकद नव्हे.

यापुढचा आरोप अधिक चिवट आहे, कारण तो वैद्यकीय भाषेत बोलतो. घरातला कोणताही फिकट तपकिरी कोळी ‘ब्राउन रेक्लूज’ ठरवला जातो आणि सोबत सडलेल्या बोटांचे फोटो जोडले जातात. लॉक्सोसेलिस रेक्लूसा ही अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण-मध्य राज्यांतली जात. ती भारतात राहत नाही. त्याच वंशातली भूमध्य समुद्राकाठची लॉक्सोसेलिस रुफेसेन्स मात्र माणसाच्या सामानाबरोबर जगभर पसरली आणि भारतातूनही तिची नोंद आहे. म्हणून हा वंश ओळखायची खात्रीची खूण माहीत असावी: डोळे. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. या वंशाला सहाच, दोन-दोनच्या तीन जोड्यांत मांडलेले. पाय एकरंगी, पट्टे किंवा काटे नसलेले. पाठीवरची व्हायोलिनच्या आकाराची म्हणून गाजलेली खूण अगदी फसवी आहे. शिकारी कोळ्याच्या नरापासून छतावरच्या लांब पायांच्या कोळ्यापर्यंत कितीतरी जणांच्या पाठीवर, बघणाऱ्याने ठरवलेच असेल, तर व्हायोलिन दिसते. डोळे न मोजता रेक्लूज म्हणणाऱ्याने केवळ अंदाज केलेला असतो.

आणि खरा रेक्लूज तरी किती चावतो? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लेनेक्सा गावातल्या एका राहत्या घरात सहा महिन्यांत २,०५५ ब्राउन रेक्लूज सापडले. कुटुंब तिथे काही वर्षांपासून राहत होते आणि तोवर घरातल्या कोणालाही चाव्याचा त्रास झालेला नव्हता. २००२ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. दोन हजार कोळ्यांच्या घरात कोणी सडत नाही. मग जिथे हा कोळीच नाही, तिथल्या प्रत्येक चिघळलेल्या जखमेचे खापर त्याच्यावर कसे फोडायचे?

२००२ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या जेफ्री इस्बिस्टर आणि माइक ग्रे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या साऱ्या वादात तो निर्णायक म्हणावा असा आहे. त्यांनी फक्त अशीच प्रकरणे घेतली, ज्यांत माणसाला चावताना कोळी दिसला, पकडला गेला आणि तज्ज्ञाने ओळखला. अशा ७५० चाव्यांपैकी फक्त ४४ जणांना लक्षणीय त्रास झाला आणि त्यांतले ३७ एकट्या रेडबॅकचे, म्हणजे विडो गटातल्या कोळ्याचे होते. मोठ्या हंट्समन कोळ्यांचे चावे भरपूर होते. त्यांतून निघाली ती थोड्या वेळाची वेदना. मांस सडल्याचे एकही प्रकरण नव्हते. कोळ्यांची जगात सर्वाधिक बदनामी झालेल्या देशातला हा हिशेब आहे. ‘चावा घेताना कोळी पाहिला का?’ एवढा एकच प्रश्न विचारला की सांगोवांगीची बहुतेक प्रकरणे गळून पडतात.

विडो गट भारतातही आहे आणि घराभोवती खरोखर ओळखता यावा असा हाच कोळी. लॅट्रोडेक्टस जिओमेट्रिकस, म्हणजे ब्राउन विडो, याची भारतातली पहिली नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तो भिंतीवर पळत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीच्या बैठकीखाली, कुंडीच्या काठाआड, गॅलरीच्या कठड्याच्या खालच्या बाजूला अस्ताव्यस्त धाग्यांचे जाळे करून तो उलटा लटकतो. धागे इतके चिवट असतात की काडीने ओढले तर तुटताना बारीक आवाज येतो. रंग राखाडी-तपकिरी, पाय पट्टेरी, पोट वाटोळे. निर्णायक खूण पोटाच्या खालच्या बाजूला असते: नारिंगी किंवा लाल डमरू. कोळी उलटा लटकत असल्यामुळे ती वरून पाहणाऱ्यालाच दिसते. त्याहून सोपी खूण म्हणजे अंड्यांची पिशवी. ती गोल असते आणि तिच्यावर चहूबाजूंनी बारीक टोके उभी असतात. घराभोवतीच्या दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या कोळ्याची पिशवी अशी नसते. ब्राउन विडोचा चावा बहुधा जागच्या जागी दुखून थांबतो. गटातल्या इतर जातींच्या चाव्यात मात्र वेदना पसरते, घाम फुटतो, पोटात आणि पाठीत पेटके येतात. तळहाताएवढ्या कोळ्याच्या मागे झाडू घेऊन धावणारे घर गॅलरीतल्या खुर्चीखाली वर्षानुवर्षे वाकून पाहत नाही, यातच आकारावरून विष ओळखण्याच्या पद्धतीचा निकाल लागतो.

आता उरतो सर्वांत घरगुती आणि सर्वांत घातक आरोप: अंगावर उठलेला फोड कोळ्याचा. ‘कोळी अंगावरून गेला’, ‘कोळी मुतला’ ही निदाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. कोळ्याच्या चालण्याने किंवा मूत्राने कातडी भाजत नाही. सकाळी उठल्यावर मानेवर किंवा दंडावर दिसणारा लाल, आग होणारा लांबट चट्टा आणि त्यावरचे बारीक फोड बऱ्याचदा पेडरस नावाच्या भुंगेऱ्याचे असतात. नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, मुंगी वाटावी असा हा सेंटिमीटरहून लहान कीटक पावसाळ्यात ट्यूबलाइटच्या उजेडाला येतो. तो चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर काहीतरी वळवळले म्हणून झोपेत हात फिरतो, कीटक चिरडतो आणि त्याच्या अंगातले पेडेरिन कातडीवर लांबट पसरते. आग लगेच होत नाही. चट्टा उठायला बारा तासांपासून दोन दिवसही लागतात. तोवर भुंगेरा कुठल्या कुठे गेलेला असतो आणि छताच्या कोपऱ्यातला कोळी मात्र जागेवर सापडतो. कोपराच्या आतल्या घडीत दोन्ही बाजूंना समोरासमोर तसाच चट्टा उमटला, तर शंकेला जागाच राहत नाही: हात मिटल्यावर रसायन एका बाजूचे दुसऱ्या बाजूला लागलेले असते. भुंगेरा दिसला तर फुंकून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.

पेडरसचे चट्टे निदान आपोआप बरे होतात. खरी किंमत मोजावी लागते ती दुसऱ्या प्रकरणांत. कमरेच्या एका बाजूला पट्ट्यासारखे उठणारे पाण्याचे फोड नागिणीचे असतात. त्यावरची विषाणूविरोधी औषधे पहिल्या बहात्तर तासांत सुरू झाली तर अधिक उपयोगी पडतात. मधुमेह्याच्या पायावरची चिघळलेली जखम जंतुसंसर्गाची असते. आणि काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली न दुखणारी, काळ्या खपलीची, सिगारेटच्या चटक्यासारखी खूण दिसली आणि जोडीला ताप असला, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या बारीक माइटच्या पिल्लाच्या चाव्यातून ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू अंगात जातो. २०१८ मध्ये विदर्भाने या आजाराचा उद्रेक पाहिला आहे. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने हा आजार बरा होतो, आणि उशीर झाला तर माणूस दगावतो. ती काळी खपली ‘कोळी चावला असेल’ म्हणून हळद लावून झाकली जाते, तेव्हा त्या समजुतीला निरुपद्रवी म्हणता येत नाही.

यावर शेवटचा बचाव असा असतो की चुकून चार कोळी जास्त मेले तर बिघडले काय, सावधगिरी बरी. ही सावधगिरी नाहीच. शिकारी कोळी मारला की त्याच्या वाट्याची झुरळे घरात राहतात. जळमटांवर मारलेला फवारा माणसांच्या श्वासातही जातो. आणि ज्याने धोका चुकीच्या जागी ठरवला, तो योग्य जागी पाहत नाही: खुर्चीखाली पाहत नाही, काखेतल्या खपलीकडे पाहत नाही.

फोटोवरून ओळख मागताना लोक बहुधा पाठीचा एकच, दुरून काढलेला, अंधुक फोटो पाठवतात आणि उत्तर देणारेही तेवढ्यावर निकाल देतात. ओळख पटायला किमान तीन फोटो हवेत: पाठीवरून, समोरून डोळ्यांचा आणि जमल्यास पोटाखालचा. शेजारी रुपयाचे नाणे ठेवले तर आकाराचा अंदाज चुकत नाही. त्याबरोबर कोळी कुठे होता, जाळ्यात होता की मोकळा, आणि आठ पायांचा तो कोळीच होता ना, हेही सांगावे. कोरड्या भागात दिव्याखाली सुसाट धावणारा, मोठ्या जबड्यांचा, दहा पाय असल्यासारखा दिसणारा प्राणी सॉलिफ्यूज असतो, कोळी नव्हे. काचेचा पेला आणि जाड पुठ्ठा हाताशी असला, तर शिकारी कोळ्याला पकडून, समोरून पाहून, अंगणात सोडायला फार वेळ लागत नाही. चावा बसलाच, तर जागा साबणाने धुवावी, बर्फ लावावा, कापू नये, आवळून बांधू नये. वेदना पसरू लागली, घाम फुटला, पेटके आले किंवा चावा लहान मुलाला बसला असेल, तर रुग्णालय गाठावे आणि कोळी, चिरडलेला असला तरी, झाकणाच्या बाटलीत घालून सोबत न्यावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर सरकारी दवाखान्यात मिळणारे प्रतिसर्पविष कोळ्याच्या विषावर चालत नाही. ते टोचण्याचा आग्रह नातेवाइकांनी डॉक्टरांकडे धरू नये.